क्लाउडवर फाइली ठेवण्यापूर्वी आणि ठेवल्यानंतर

काही वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपमधली जागा संपत आली होती. सगळे फोटो क्लाउडवर चढले आहेत याची खात्री करून घेतली आणि मग लॅपटॉपवरचे फोल्डर मी निर्धास्तपणे पुसून टाकले. दीड महिन्याने एक जुना फोटो शोधायला गेलो, तेव्हा क्लाउडवरचे फोल्डरही नाहीसे झाले होते. सेवेत काही बिघाड नव्हता आणि कोणी खाते फोडलेही नव्हते. मी दिलेली आज्ञाच तिने बिनचूक पाळली होती. ते फोल्डर सिंक होणारे होते, त्यामुळे इथे पुसलेले तिथेही पुसले गेले, आणि पुसलेल्या फाइली कचरापेटीत राहण्याची तीस दिवसांची मुदत माझ्या नकळत उलटून गेली.

क्लाउड नव्याने वापरू लागणाऱ्याने म्हणून सर्वांत आधी एवढे समजून घ्यावे की, सिंक, बॅकअप आणि शेअर ही तीन वेगवेगळी कामे आहेत. ती एकाच ॲपमध्ये शेजारशेजारच्या बटणांवर मांडलेली असतात, म्हणून एकच भासतात.

तीन कामे, तीन स्वभाव

सिंक म्हणजे एकाच फाइलच्या निरनिराळ्या उपकरणांवरच्या प्रती सतत एकसारख्या ठेवणे. ड्रॉपबॉक्सने २००८ मध्ये ही सोय सर्वांसाठी खुली केली तेव्हा कल्पना साधीच होती: संगणकावर एक फोल्डर असेल, आणि त्यात जे ठेवाल ते आपल्या दुसऱ्या संगणकावरही आपोआप दिसेल. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड ड्राइव्ह हे सगळे आजही मुळात तेच करतात. मात्र ‘एकसारखे ठेवणे’ यात चुकीचा बदलही येतो आणि पुसणेही येते. सिंकला चांगला बदल आणि वाईट बदल यांतला फरक कळत नाही.

बॅकअप म्हणजे मूळ फाइलचे काहीही झाले तरी जिला धक्का लागणार नाही अशी वेगळी प्रत. मूळ फाइल पुसली, बिघडली किंवा उपकरण हरवले तरी ती प्रत जशीच्या तशी राहायला हवी, आणि शक्य असेल तर कालची, मागच्या आठवड्याची, मागच्या महिन्याची अशी जुनी रूपेही तिच्यात असायला हवीत. शेअर करणे म्हणजे दुसऱ्याला आपल्या फाइलपर्यंत येण्याची वाट करून देणे. तिथे प्रश्न प्रतींचा नसून अधिकारांचा असतो.

नावांवर विसंबून राहू नये, कारण सेवा स्वतःच हे शब्द सैलपणे वापरतात. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांसाठी वनड्राइव्ह जे ‘बॅकअप’ देऊ करते, ते प्रत्यक्षात ही फोल्डरे वनड्राइव्हच्या सिंकमध्ये ओढून घेणे असते. ते उपयोगी आहे, लॅपटॉप हरवला तर फाइली वाचतात; पण तिथून पुसलेली फाइल क्लाउडवरूनही जाते. कोणतीही सेवा हाती घेताना ‘इथून पुसले तर तिथे काय होईल?’ हा एकच प्रश्न विचारला, तर ती सिंक करते की बॅकअप घेते हे लगेच उलगडते.

पहिली पायरी: काय ठेवायचे ते ठरवणे

सगळेच्या सगळे चढवण्याचा मोह टाळावा. आपल्या फाइलींचे दोन ढीग मनातल्या मनात करावेत. एका ढिगात पुन्हा मिळणार नाही असे सगळे येते: स्वतः काढलेले फोटो आणि व्हिडिओ, स्वतः लिहिलेले मजकूर, हिशेब, प्रमाणपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती. दुसऱ्या ढिगात पुन्हा उतरवून घेता येण्यासारखे सामान असते: चित्रपट, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल फाइली, कोणीतरी पाठवलेल्या आणि पाठवणाऱ्याकडेही असलेल्या फाइली. जागा आणि वेळ पहिल्या ढिगासाठी आहे. त्याचा आकार किती जीबी भरतो ते मोजून लिहून ठेवावे, कारण पुढचा निर्णय त्या आकड्यावरच अवलंबून आहे.

दुसरी पायरी: सेवा निवडणे

मोफत मिळणारी जागा सेवेगणिक वेगळी आहे. गुगल १५ जीबी देते, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी, तर ड्रॉपबॉक्स २ जीबी. गुगलचा आकडा मोठा दिसतो, पण ते १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि गुगल फोटोज या तिघांत मिळून असतात. फोटोंनी जागा भरली की नवे ईमेल येणेही थांबू शकते, ही बाब नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मोफत सोयींच्या अटी बदलतात हेही गृहीत धरावे. वनड्राइव्हने २०१६ मध्ये मोफत जागा १५ जीबीवरून ५ जीबीवर आणली, आणि गुगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली.

एखाद्या सेवेत दहा-वीस जीबी अधिक मिळतात म्हणून तिच्याकडे वळण्यापेक्षा, आपल्याजवळच्या सर्व उपकरणांवर जी नीट चालते ती निवडावी असे माझे मत आहे. आयफोन आणि मॅक वापरणाऱ्याला आयक्लाउड सोपे जाते, अँड्रॉइड फोन असणाऱ्याला गुगल, आणि विंडोज व ऑफिस रोज वापरणाऱ्याला वनड्राइव्ह. पाच ठिकाणची मोफत जागा जोडून एक मोठी साठवण तयार करण्याचा उद्योग पहिल्या महिन्यात हुशारीचा वाटतो. सहाव्या महिन्यात कोणती फाइल कुठे आहे हे आठवत नाही.

पहिल्यांदा चढवायला किती वेळ लागेल याचाही हिशेब करून ठेवावा. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगितला जातो आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर १०० जीबी चढवायला तो वेग अखंड मिळाला तरी बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय अनेक जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. म्हणून पहिले अपलोड दोन-तीन रात्रींत विभागावे, तेवढा वेळ संगणक झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी, आणि मोबाइल डेटावर ते काम सोडू नये.

तिसरी पायरी: आधी खाते बळकट करणे

फाइली चढवण्याच्या आधी हे काम करावे; नंतर करू म्हटले की ते राहतेच. एकदा सगळे एका खात्यात गेले की त्या खात्याचा पासवर्ड ही सगळ्या कपाटांची एकच किल्ली होते. हा पासवर्ड लांब असावा आणि अन्य कुठेही वापरलेला नसावा. त्याच्या जोडीला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी, म्हणजे पासवर्ड कोणाच्या हाती पडला तरी दुसऱ्या टप्प्याच्या पुराव्यावाचून आत शिरता येत नाही.

मात्र या पडताळणीने मालकच बाहेर अडकण्याची वेळही येऊ शकते. फोन हरवला आणि दुसरा टप्पा त्या फोनवरच येत असेल तर काय करायचे? यासाठी सेवा राखीव कोड देतात. गुगल अशा दहा कोडांची यादी देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ती यादी कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. ती त्याच क्लाउडमध्ये साठवून ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली पेटीच्या आत ठेवून झाकण लावण्यासारखे आहे, आणि हे करणारी माणसे मी पाहिली आहेत. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल चालू आहेत ना, हेही याच वेळी तपासावे.

चौथी पायरी: सिंक सुरू करणे

सेवेचे ॲप तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा उपकरणाच्या ॲप स्टोअरमधूनच उतरवावे. ते सुरू केले की संगणकावर एक विशेष फोल्डर तयार होते. त्यात लगेच सगळा संसार ओतू नये. एक चाचणीची फाइल ठेवावी, ती ब्राउझरमधून आणि फोनवरून दिसते का पाहावे, फोनवर तिचे नाव बदलावे, संगणकावर बदल उमटतो का पाहावे, आणि शेवटी ती पुसून कचरापेटीतून परत आणावी. दहा मिनिटांच्या या खेळात सेवेचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा तिची माहितीपाने वाचून कळत नाही.

त्यानंतर महत्त्वाची फोल्डरे त्या विशेष फोल्डरात हलवण्याऐवजी त्यांची नक्कल तिथे टाकावी, सगळे नीट चढल्याची खूण दिसेपर्यंत मूळ तसेच राहू द्यावे आणि मगच ते काढावे.

इथे नवख्याला चकवणारी एक गोष्ट आहे. फोल्डरमध्ये फाइल दिसते म्हणजे ती संगणकावर असतेच असे नाही. जागा वाचवण्यासाठी बहुतेक सेवा फाइलचे फक्त नाव आणि चिन्ह संगणकावर ठेवतात, आणि आपण ती उघडली की मजकूर इंटरनेटवरून आणतात. वनड्राइव्हमध्ये निळा ढग दिसला तर फाइल केवळ क्लाउडवर आहे, पांढऱ्या वर्तुळातली हिरवी खूण दिसली तर ती सध्या संगणकावर उतरलेली आहे, आणि भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी खूण असेल तर ती कायम संगणकावर ठेवली जाईल. गुगल ड्राइव्हच्या संगणकावरील ॲपमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात फाइली मागणीनुसार येतात, दुसऱ्यात त्यांची पूर्ण प्रत डिस्कवर राहते. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी जाण्याच्या आदल्या दिवशी ही चिन्हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

गुगल डॉक्स किंवा शीट्समध्ये तयार केलेले दस्तऐवज याहून निराळे आहेत. संगणकावरच्या फोल्डरमध्ये त्यांची जी फाइल दिसते ती केवळ पत्ता सांगणारी चिठ्ठी असते, मजकूर तिच्यात नसतो. ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले तरी डिस्कवर चिठ्ठ्याच जातात. असे दस्तऐवज वर्ड किंवा पीडीएफ रूपात उतरवावे लागतात. सगळे एकदम हवे असतील तर ‘गुगल टेकआउट’ ही सोय आहे.

एकच फाइल दोन उपकरणांवर इंटरनेटशिवाय बदलली गेली, तर पुढे दोघांची गाठ पडल्यावर कोणते रूप खरे हे सेवेला ठरवता येत नाही. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा अशा वेळी दोन्ही ठेवतात आणि एकीच्या नावाला जोड देतात. असे नाव दिसले की ती फाइल फालतू समजून पुसू नये. दोन्ही उघडून, ताडून, हवे ते एकत्र करावे. फाइलींच्या नावांत प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारांकन, तिरकी रेघ अशी चिन्हे टाळावीत, कारण विंडोजला ती चालत नाहीत आणि मॅकवर दिलेले नाव विंडोजवर सिंक होताना अडखळते. जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरची चालू डेटा फाइल मात्र सिंक फोल्डरात ठेवूच नये. ती सतत उघडी असते, अर्धवट अवस्थेत चढते आणि बिघडू शकते. सॉफ्टवेअरमधून तिचा बॅकअप काढावा आणि ती बॅकअप फाइल क्लाउडवर ठेवावी.

पाचवी पायरी: फोनमधले फोटो

माझ्यासारखी चूक बहुतेकांकडून होते ती इथे. फोन भरतो, फोटो क्लाउडवर आहेतच अशा भरवशाने माणूस ते ॲपमधून पुसतो, आणि ते सगळीकडून जातात. आयक्लाउड फोटोज सुरू असेल तर एका उपकरणावर पुसलेला फोटो सर्वच उपकरणांवरून नाहीसा होतो. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठीची वेगळी सेटिंग वापरावी: आयफोनमध्ये साठवण कमी करणारा पर्याय निवडला की मूळ फोटो क्लाउडवर राहतात आणि फोनवर लहान प्रती उरतात; गुगल फोटोजमध्ये जागा मोकळी करण्याचा पर्याय फक्त बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतो.

गुगल फोटोजमध्ये दर्जाचाही प्रश्न येतो. जागा वाचवणारा दर्जा निवडला तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो त्या मापाला आणले जातात आणि फाइली दाबून लहान केल्या जातात. स्क्रीनवर फरक क्वचितच जाणवतो. मोठ्या आकारात छापायचे असेल तर मूळ दर्जाच निवडावा.

सहावी पायरी: खरा बॅकअप

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही कामाचा आहे: महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत दुसऱ्या जागी असावी. घरगुती वापरात त्याचे रूप असे होते की, एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर. या तिघींपैकी लोक डिस्कची टाळाटाळ करतात, कारण क्लाउड असताना तिची गरज काय असे वाटते.

ती गरज खंडणीखोर व्हायरसच्या वेळी कळते. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारखे व्हायरस संगणकावरच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागतात, सिंक चालू असेल तर कुलूपबंद झालेली रूपे इमानेइतबारे क्लाउडवर चढतात. अशा वेळी फाइलींची जुनी रूपे राखणारी सोय वाचवू शकते, पण तिलाही मुदत असते. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात पुसलेले आणि बदललेले ३० दिवसांपर्यंत परत मिळते. गुगल ड्राइव्हची कचरापेटीही ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. सतत जोडलेली डिस्कही त्याच व्हायरसच्या तावडीत सापडते, म्हणून नक्कल झाली की डिस्क काढून ठेवावी. महिन्याचा एक दिवस यासाठी ठरवला तरी पुरते. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकमधील ‘टाइम मशीन’ या कामासाठीच आहेत.

उलट, केवळ दूरच्या सर्व्हरवर विसंबणेही पुरेसे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच क्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण नष्ट झाली. ज्यांच्या प्रती अन्यत्र नव्हत्या अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाच्या तरी इमारतीतल्या डिस्कच आहेत.

सातवी पायरी: शेअर करणे

जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून पाठवता येत नाही, त्यामुळे मोठ्या फाइलीसाठी लिंक पाठवणे ओघाने येते. शेअर करताना दोन गोष्टी ठरवायच्या असतात: कोण पाहू शकेल आणि तो काय करू शकेल. ठरावीक ईमेल पत्त्यांनाच प्रवेश देणे हा सुरक्षित मार्ग. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोपा असला तरी ती लिंक पुढे कोणाकोणाला जाईल यावर आपला ताबा राहत नाही. ओळखपत्र, पगारपत्रक, वैद्यकीय अहवाल अशा कागदांसाठी तो कधीही वापरू नये. अधिकार देताना आधी फक्त पाहण्याचा द्यावा, कोणी मागितला तरच टिपणी किंवा संपादनाचा वाढवावा. सेवेत लिंकला मुदत घालता येत असेल तर ती घालावी.

फोल्डर शेअर केले की त्यात आज असलेले आणि उद्या टाकलेले सगळेच समोरच्याला दिसते. यातून गफलती होतात: सहा महिन्यांपूर्वी सहलीच्या फोटोंसाठी उघडलेल्या फोल्डरात कोणीतरी आपली कागदपत्रे टाकतो. म्हणून शेअर करायच्या सामानासाठी वेगळे फोल्डर ठेवावे, काम झाले की प्रवेश काढून घ्यावा, आणि अधूनमधून शेअर केलेल्या फाइलींची यादी उघडून नजर टाकावी.

दुसऱ्याने शेअर केलेली फाइल आपल्या यादीत दिसत असली तरी ती आपली नसते. मालकाने ती कायमची पुसली, किंवा त्याचे खाते बंद झाले, की ती आपल्याकडूनही जाते. जपून ठेवायची असेल तर स्वतःच्या खात्यात तिची नक्कल करून घ्यावी. नोकरीच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या खात्यावर वैयक्तिक फोटो ठेवू नयेत याचेही कारण हेच: ते खाते संस्थेचे असते, आणि संबंध संपला की बंद होते.

आठवी पायरी: जे कोणीच पाहू नये

प्रचलित सेवा फाइली प्रवासात आणि सर्व्हरवर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा रूपात ठेवतात, पण किल्ली बहुधा सेवेकडेच असते. फोटो, टिपणे, पाककृती यांसाठी तेवढे पुरेसे आहे. ज्या फाइली सेवेलाही वाचता येऊ नयेत असे वाटते त्यांच्यासाठी ‘क्रिप्टोमेटर’सारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरता येते, ते फाइली आपल्याच संगणकावर कूटबद्ध करून मग क्लाउडवर जाऊ देते. ॲपलने डिसेंबर २०२२ पासून आयक्लाउडच्या बहुतांश माहितीसाठी अशी सोय ऐच्छिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली, पण ती सर्वच देशांत उपलब्ध आहे असे गृहीत धरू नये. अशा व्यवस्थेत पासवर्ड आणि राखीव किल्ली दोन्ही हरवल्या तर सेवा काहीही मदत करू शकत नाही, म्हणून नवख्याने मोजक्या फाइलींपुरतीच सुरुवात करावी.

नववी पायरी: परत मिळवून पाहणे

दर तीन-चार महिन्यांनी एखादा फोटो, एखादा दस्तऐवज आणि एखादा मोठा व्हिडिओ असे तीन नमुने निवडावेत, ते दुसऱ्याच उपकरणावर क्लाउडमधून उतरवावेत आणि प्रत्यक्ष उघडून पाहावेत. मग तेच नमुने बाहेरच्या डिस्कवरून उघडावेत. यादीत नाव दिसणे आणि फाइल उघडणे यांत अंतर असू शकते; डिस्क बिघडली असेल किंवा सिंक कित्येक आठवडे अडकून पडले असेल, तर ते गरज पडण्यापूर्वी कळलेले बरे.

याच बैठकीत खाते जिवंत असल्याचीही खात्री होते. गुगलच्या धोरणानुसार सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह पुसले जाऊ शकते, आणि ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. आपल्याला काही झाले तर घरच्यांना फोटोंपर्यंत पोहोचता यावे यासाठी गुगलमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवता येते, आणि ॲपलच्या उपकरणांवर वारस-संपर्क नेमता येतो. ॲपलमध्ये त्या व्यक्तीला एक प्रवेशकिल्ली मिळते. तिची छापील प्रत राखीव कोडांच्या कागदाजवळच ठेवावी आणि ती कुठे आहे हे त्या व्यक्तीला सांगून ठेवावे.